हाताचे टाके, मशीनच्या पिना

ताईला आणि मला एकच आजार, क्रोन्स. आतडं आतून सुजतं आणि माणसाला संडासातच मुक्काम करायला लावतं. घरात संडास एक, म्हणून बाबांनी नियम केला होता: ज्याचा आजार उसळलाय, त्याचा नंबर आधी.

शेवटी दोघांचंही आतडं कापावं लागलं. सर्जनबाईंनी ताईची उरलेली टोकं हाताने टाके घालून जोडली, माझी मशीनने पिना मारून. तेव्हापासून जेवताना एकच वाद.

"हाताचं काम ते हाताचं काम," ताई म्हणायची.

"आतडं आहे ते, स्वेटर नाही," मी म्हणायचो.

कोणाचा जोड टिकला, ते आज कळणार होतं. दुर्बिणीच्या तपासणीचा निकाल ऐकायला, बाबांना आणि मला बाहेर बसवून, ताई आधी आत गेली आणि तोंड पाडून बाहेर आली. "परत आलाय रे."

मग मी जाऊन आलो. तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "माझाही."

ताईने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात सर्जनबाई दारात आल्या. "आत्ताच सांगितलं ना, दोघांचीही आतडी ठणठणीत आहेत? दोन्ही जोड उत्तम! मग अशी सुतकी तोंडं का?"

ताईने माझा हात सोडला.

इतकी वर्षं रोज सकाळी टॉवेल घेऊन शेजाऱ्यांची बेल वाजवणारे बाबा सावकाश उठले.

"उद्यापासून," ते म्हणाले, "पहिला नंबर माझा."