दोन बर्नर, एक सिलिंडर

व्यापारी मुर्दियोनोने पिशवी मेजावर उपडी केली. काचेचे मोरपंखी मणी खडखडत पसरले. निम्म्याहून अधिक मण्यांवर तांबूस, करडी साय धरली होती.

"हे बालीहून परत आलेत," तो वुर्यानीला म्हणाला. "तुझे सगळे खपले. हे तुझ्या आईचे."

कासियातुन तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, आपल्या बर्नरपुढे बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी अजून मेले नाहीये. माझ्याशी बोल."

"रागावू नका, इबू." घरची आई असो की गावातली थोरली बाई, तिथे हीच हाक. "गावात तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता."

"नव्हता?"

मुर्दियोनो गडबडला. "वय होतंच की माणसाचं."

"लहानपणी तू माझा मणी गिळला होतास. तिसऱ्या दिवशी तुझी आई तो धुऊन परत घेऊन आली. तेव्हासुद्धा रंग उतरला नव्हता त्याचा."

वुर्यानीला हसू आलं, मुर्दियोनोलाही. पण त्याने मुद्दा सोडला नाही. पुढच्या महिन्यापासून तो फक्त वुर्यानीचेच मणी घेणार होता.

"मग कुणाचेच नेऊ नका," वुर्यानी म्हणाली. "या घरातून माल गेला तर दोघींचा जाईल."

"अगं, तुझंच नुकसान होईल."

"होऊ दे."

तो पुटपुटत निघून गेला. परत आलेले मणी मेजावरच राहिले.

जोंबांगजवळच्या त्या गावात बहुतेक घरी गॅस आणि पंख्याच्या हवेवर मणी होत. वुर्यानीने दोन वर्षांपूर्वी ऑक्सिजन आणला. ज्योत टोकदार झाली, काच नितळ निघू लागली. सिलिंडर घरामागे, भिंतीपलीकडे उभा असे. त्याच्यापासून दोन नळ्या भिंतीतल्या भोकातून आत येत, एक आईच्या बर्नरला, एक तिच्या. सुराबायाहून गाडी फक्त गुरुवारी येई आणि वर्षभरात सिलिंडरचा भाव दोनदा वाढला होता. सिलिंडर गुरुवारपर्यंत पुरवणं वुर्यानीकडे होतं. काचेची कांडी खाली ठेवली की ज्योत बारीक करायची, हा तिचाच नियम. रोज सकाळी ती मागे जाई, दाबाचा काटा बघे, दोन्ही नळ्यांच्या चाव्या उघडून देई आणि आत येऊन म्हणे, "पेटवा, इबू." मागच्या पाच पायऱ्या कासियातुनच्या गुडघ्यांना झेपत नसत.

त्या बुधवारी, मुर्दियोनो गेल्यावर, कासियातुनने बर्नरची चावी पूर्ण उघडली आणि कान दिला.

"न्दुक, पोरी, ज्योत उपाशी वाटते."

"म्हणजे?"

"आवाज बघ ना. धापा टाकतेय. टोकही पिवळं दिसतंय."

"मला तर निळंच दिसतंय."

"मागे जाऊन बघून ये एकदा."

वुर्यानी मागे गेली. थोड्या वेळाने हात पुसत परत आली. "सगळं ठीक आहे. एकाच सिलिंडरचं दोघींना येतंय, इबू. माझी ज्योत चांगली आहे की."

कासियातुन आधी मुलीच्या ज्योतीकडे आणि मग आपल्या ज्योतीकडे बराच वेळ बघत राहिली.

"मग डोळेच गेले माझे."

"थोडे दिवस विश्रांती घ्या ना."

"विश्रांती घे तू. मला या मेजावरून उचलूनच न्यावं लागेल." तिने नवी कांडी घेतली. "डोळे गेले तर बोटांनी करीन. चाळीस वर्षं काय डोळ्यांनी केलं?"

दुपारी सोयाबीनचं तळलेलं तेंपे आणि भात तिने तिथेच, मेजाशी खाल्ला. संध्याकाळपर्यंत अकरा मणी झाले. सात करडे निघाले. तिने ते ओळीने मांडले, एकेक बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाली, "उद्या परत."

गुरुवारी पहाटे ती नमाजाला उठली नाही. वुर्यानीने हाक मारली, मग हात लावला. अंग गार होतं.

सिलिंडरची गाडी नेहमीच्या वेळेला गल्लीत वळली आणि दारातली गर्दी बघून काही न उतरवताच निघून गेली.

दुपारी जनाजा अंगणात ठेवला. उचलण्याआधी मयताचे विधी करणारा गावचा मोदिन पुढे आला आणि रीतीप्रमाणे बोलला. मयताच्या हातून कुणाच्या बाबतीत काही चुकलं असेल तर माफ करा, कुणाचं काही येणं राहिलं असेल तर घरच्यांना सांगा.

"चांगली बाई होती का?" त्याने विचारलं.

"चांगली होती," सगळे म्हणाले.

मुर्दियोनो पुढे सरकला. त्याचे डोळे सुजले होते. "वर्षभर माल खराब येत होता," तो म्हणाला. "मी बोललो त्यांना. काल पण बोललो. हात गेला होता त्यांचा, त्याला त्या काय करणार? मी ते सगळं मनापासून माफ केलं."

"माफ," कुणीतरी म्हणालं. "माफ, माफ."

खांदा देणारे वाकले.

"थांबा," वुर्यानी म्हणाली.

ती बायकांतून वाट काढत पायरीवरून खाली आली. मोदिनने हात वर केला. "पोरी, आता उचलू दे. जे असेल ते नंतर."

"नंतर नाही." तिने जनाज्याच्या दांड्यावर हात ठेवला. "ती इथे आहे तोवरच बोलणार. तुम्ही सगळ्यांनी ऐका."

मुर्दियोनो जवळ आला. "काय झालं, बाळ?"

"तिला माफ करू नका," वुर्यानी म्हणाली. "तिचा हात गेला नव्हता. डोळेही गेले नव्हते. सिलिंडर गुरुवारपर्यंत पुरावा म्हणून वर्षभर रोज सकाळी मागे जाऊन तिच्या नळीची चावी मीच आवळत होते."