शेगडीची तार

भात पुन्हा खाली लागला होता. वास बाहेरच्या खोलीपर्यंत पोचला आणि वासापाठोपाठ सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात फोन होता.

"झालं? करपी ती करपीच," त्या म्हणाल्या. "शाळेत मुलांना वीज शिकवते आणि घरी विजेच्या शेगडीवर साधा भात जमत नाही. आज विहीणबाईंना फोन करतेच. म्हणावं, लेकीला थोडे दिवस घेऊन जा आणि स्वयंपाक शिकवून परत पाठवा."

सुनेने पातेलं शेगडीवरून उतरवलं. बोलून बोलून तिचं तोंड दुखलं होतं. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं. बटाटे करपले, दूध लागलं, कढईतला कांदा डोळ्यांदेखत काळा झाला. माहेरी तिने घरभर पाहुण्यांचा स्वयंपाक एकटीने केला होता, कुणी नाव ठेवलं नव्हतं. इथे शेगडीवरून नजर हलवायची सोय नाही. त्या मेल्या शेगडीला बटणही एकच, चालू नाहीतर बंद. नवऱ्याला सांगावं तर तो "जाऊ दे गं" म्हणून कामावर निघून जाई. आणि अलीकडे तिचं तिलाच वाटायला लागलं होतं की आपल्याच हातात काहीतरी खोट आहे. फोन गेला की आईलाही तसंच वाटणार होतं.

सासऱ्यांची तऱ्हाच वेगळी. ते करपलेला थर बोटाने बाजूला सारत आणि मुकाट्याने जेवत. शेगडीत मात्र त्यांचा भारी जीव. आतली तापणारी तार तुटली की ते चष्मा चढवून बसत, जळकी टोकं कापून टाकत, उरलेल्या टोकांना पीळ देत आणि तार ताणून पुन्हा खाचेत बसवत. "नवी कशाला? हीच सोन्यासारखी चालते," हे वाक्य सुनेला आता झोपेतही म्हणता आलं असतं.

पण काल प्लग काढताना तिच्या बोटाला चटका बसला. प्लग एवढा तापायचं काही कारण नव्हतं. म्हणून आज तिने शाळेच्या वायरमनकडून मीटर मागून आणलं होतं, वायरीला चिमटा लावला की करंट सांगणारं.

"आई, फोन जरा थांबवा," ती म्हणाली. "मग खुशाल करा." तिने सासऱ्यांनाही आत हाक मारली.

शेगडी चालू ठेवून तिच्या दोन वायरींतली एक बाजूला घेऊन तिने चिमटा लावला. करंट सात ॲम्पियर. मग व्होल्टेज पाहिलं, दोनशे तीस. शेगडीच्या अंगावर ठसठशीत कोरलं होतं, हजार वॅट. तिने कपाळावर हात मारला. रोज फळ्यावर हेच गणित शिकवायचं आणि घरी येऊन मान खाली घालून बोलणी खायची. धन्य आहे आपली, तिच्या मनात आलं.

"बाबा, दोनशे तीस गुणिले सात करा. सोळाशे दहा वॅट होतात. हजाराची शेगडी दीडपटीहून जास्त तापतेय."

"काहीतरीच काय," सासरे म्हणाले. "दर वेळी तार थोडी आखूडच होते. आखूड तार कमी तापणार. शेंबडं पोरही सांगेल."

"तिथेच तर चुकतंय," सून म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "ही तार करंटला अडवते, बाबा. दोनशे तीस भागिले सात, म्हणजे जेमतेम तेहतीस ओहम. पुरती तार असती तर त्रेपन्न भरले असते. अडवणारंच कापून टाकलंत, तर करंट जास्त धावणार आणि शेगडी जास्त तापणार. जास्त तापली की तार लवकर तुटणार, की तुम्ही बसलातच कापायला. मी डोळ्यांत तेल घालून उभी राहिले तरी भात करपणारच."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मीटरकडे पाहिलं. मग तोंडातल्या तोंडात "पण चालत तर होती" असं काहीतरी म्हणाले.

सासूबाईंनी फोन ओट्यावर ठेवला. आता या आणखी काय काढतात, म्हणून सून पदराला हात पुसत उभी राहिली. पण त्या नवऱ्याकडे वळल्या होत्या.

"पहिल्यांदा कधी जोडली होती तुम्ही तार?"

"आपलं लग्न झालं त्याच वर्षी," सासरे म्हणाले. अजूनही आवाजात थोडा अभिमान होता. "तेव्हापासून नवी आणावी लागली ती अगदी क्वचित."

सासूबाईंनी भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं आणि तळ खरवडायला घेतला. हात सवयीने चालत होता.

"तुमची आई जाईपर्यंत मला करपी म्हणत होती," त्या पातेल्यात बघत म्हणाल्या. "आणि मी ते खरं धरून बसले."