तिसऱ्या पानावरचा प्रश्न

“काका, तुम्हाला जरा बाहेर बसावं लागेल. हे प्रश्न फक्त काकूंसाठी आहेत,” समता म्हणाली.

देवाप्पाला हसू आलं. तीस वर्षं कंडक्टरकी केली, कितीकांना बसमधून खाली उतरवलं. पण स्वतःच्या घरातून त्याला आजवर कुणी उतरवलं नव्हतं.

“जावा की वो,” शालूबाई म्हणाली. “तवर शेंगा तरी फोडा.”

समता निपाणीच्या एका संस्थेकडून आलेली. कंग्राळीत आठ दिवस घरोघर फिरून ती बायकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारत होती. वीस मिनिटांचं काम आहे, असं म्हणून तिनं दार लोटून घेतलं.

देवाप्पा अंगणात शेंगा फोडत बसला. वीस मिनिटं झाली. पाऊण तास झाला. एवढं काय सांगत असेल ही? हिच्या लहानपणात सांगण्यासारखं होतं तरी काय? बेळगुंदीला मावशीकडं दोन-तीन वर्षं शाळा, मग घरकाम, आणि विसाव्या वर्षी आपल्या गळ्यात.

दार उघडलं तेव्हा समताचे डोळे लाल होते. चप्पल घालता घालता ती हळूच म्हणाली, “काका, आज काकूंजवळ थांबा. त्या बोलल्या तर मधे काही बोलू नका, नुसतं ऐका.”

आत शालूबाई भिंतीला टेकून बसली होती.

“पाणी देऊ?”

“नको. बसा हितं.”

तो बसला. ती समोरच्या फरशीकडं बघत बोलायला लागली.

“तिसऱ्या पानावर एक प्रश्न हुता. बारकी असताना कुण्या थोरल्या माणसानं वंगाळ हात लावला का म्हणून. मी न्हाय म्हणणारच हुते. ती पोरगी पेन धरून गप बसली. घाई न्हाय, काकू, म्हणाली. मग माझ्या तोंडातनं व्हय गेलं.”

देवाप्पा तिच्याकडं वळला. “कोण?”

“भरमूकाका.”

भरमूकाका म्हणजे त्या बेळगुंदीच्या मावशीचा नवरा. दूधसंस्थेचा माजी चेअरमन. येत्या रविवारी बेळगुंदीत त्याच्या पंच्याहत्तरीचा सत्कार होता, आणि पाहुण्यांतर्फे चार शब्द बोलायला देवाप्पानं मोठ्या हौसेनं होकार दिला होता.

“धा वर्षांची हुते मी. दोन वर्षं चाललं ते. आईला सांगितलं, तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मावशीचा संसार मोडंल म्हणाली.” शालूबाईनं पदरानं चेहरा पुसला. “आईचा राग न्हाय मला. पन तो हात पन्नास वर्षं हितंच हाय बघा.” तिनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

देवाप्पाला एकदम ते दिवस आठवले. नवी नवरी भिंतीकडं तोंड करून निजायची आणि तो तिला दगड म्हणायचा. लग्नानंतर जेवायला म्हणून बेळगुंदीला गेले, तेव्हा सगळ्यांच्या पाया पडलेली शालू भरमूकाकापाशी आल्यावर तशीच उभी राहिली. येताना बसस्टॉपपर्यंत देवाप्पा तिला बोलत होता. ती खाली मान घालून चालत होती.

“मी तुला उर्मट म्हणालो गं त्या दिशी.”

“म्हणालासा.” ती किंचित हसली. “पन परत कवा तिकडं चल म्हणून हट्ट न्हाय केलासा. आणि मी झोपंतनं दचकून उठायची, तवा काय बी न इचारता दिवा लावून बसून ऱ्हायचासा. त्याच्यावर तर काढली की एवढी वर्षं.”

त्यानं हात पुढं केला, मग मधेच थांबला.

“हात धरू?”

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं असं विचारलं होतं. शालूबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

“धरा की. इचारताय काय.”

थोड्या वेळानं ती म्हणाली, “मी त्या पोरीला इचारलं, माझ्यागत आणि कोण हाय काय गं? ती म्हणाली, काकू, लई आहेत. जाईन त्या गल्लीत आहेत.” तिनं मोठा श्वास सोडला. “मला वाटायचं मी एकलीच.”

तेवढ्यात फोन वाजला. भरमूकाकाचा मुलगा, आदर्श.

“आण्णा, रविवारी धा वाजता या. पयलं भाषण तुमचंच ठेवलंय.”

देवाप्पानं फोन छातीशी दाबून धरला. “काय सांगू? तब्येत बरी न्हाय म्हणू?”

“आणि पुढं?” शालूबाई म्हणाली.

तिनं दुसरा हात पुढं केला. देवाप्पानं फोन तिच्या हातात दिला.

“आदर्श, मी शालूआक्का.” ती सरळ बसली. “सत्काराचं ऱ्हाऊ दे रं. तुझ्याजवळ कोण हाय आता? जरा बाजूला जाऊन बस बाबा, लई महत्त्वाचं हाय.”

ती थांबली. पलीकडं दार ओढल्याचा आवाज आला. तिनं देवाप्पाचा हात घट्ट आवळला.

“तुझ्या पोरी आता केवढ्या झाल्या रं?”