बोलतं ठेवा

कलम बांधता बांधता भार्गव परुळेकर बागेतच कोसळले. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. बायको मालतीबाईंनी त्यांना गावच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मेंदूत रक्त झिरपतच होतं. डॉ. शबाना मुल्लांनी त्यांच्या डोक्यावर चुंबकी टोपी चढवली आणि शिरेतून सूक्ष्म कण सोडले. टोपीच्या ओढीने ते फुटलेल्या रक्तवाहिनीपर्यंत जाऊन ती बुजवणार होते. कवटी उघडायचे दिवस केव्हाच सरले होते.

"बोलण्याचं केंद्र अगदी लागून आहे," डॉक्टर म्हणाल्या. "यांना बोलतं ठेवा. शब्द अडला की मला कण मागे घ्यायला हवेत."

मालतीबाई वाकून म्हणाल्या, "अहो, मागचा फणस तोडून टाकते मी."

"न... नाही!"

"कपडे वाळत नाहीत त्याच्या सावलीत."

"फणसाला हात लावलास तर..." शब्द अडला. डॉक्टरांनी कण जरासे मागे घेतले.

"तर काय कराल?"

"तर मी... तुझ्याशी बोलणार नाही!"

डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर मेंदूतल्या रक्ताचा लाल डाग वाढायचा थांबला.

"रक्त थांबलं," डॉक्टर हसल्या. "आता नाही बोलले तरी चालेल."

"मला नाही चालणार," मालतीबाई म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांना रडू फुटलं.