खाली कोन हाय का?

झाडांची छाटणी शिकायला लागल्यापासून गव्हाणच्या कोमलकडून मोहसीनचाचांनी एकच नियम घोकून घेतला होता: फांदीखाली माणूस असेल, तर करवत चालवायची नाही.

आज कामोठ्यातल्या एका सोसायटीत ती पहिल्यांदाच एकटी जांभळावर चढली. खाली दोर धरायला चाचा होतेच. जांभळं पडून गाड्यांवर डाग पडतात, म्हणून सभासदांनी झाड बोडकं करायचं ठरवलं होतं. एरवी पाण्याच्या टाकीवरूनही एकमत न होणारी मंडळी यावर मात्र चटकन एक झाली. आता भर मे महिन्यात सगळे देखरेखीला म्हणून झाडाखाली खुर्च्या टाकून बसले होते.

"खाली कोन हाय का?" कोमल वरून ओरडायची. मंडळी कुरकुरत उठायची आणि खुर्च्या उचलून पुढच्या फांदीखाली जाऊन बसायची. फांदी पडली की तिथं ऊन पडायचं.

दुपारी एकच फांदी उरली. तिच्याखाली चेअरमनसकट अख्खी कमिटी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

"काका, सरका जरा. ही शेवटचीच हाय."

चेअरमननी वर पाहिलं, भोवतालच्या रणरणत्या उन्हाकडे पाहिलं आणि खुर्ची आणखी आत ओढली.



"डोकं आहे का गं तुला? हीपण कापलीस तर आम्ही बसायचं कुठं?"