डिकीतले बूट

"व्हिसा कधीपर्यंत?" गोलात उभ्या गुणवंतने ओरडून विचारलं.

पेनल्टीच्या खुणेवर चेंडू ठेवायला वाकलेला अरुण तसाच थांबला. "मार्चपर्यंत. रिन्यू होईल, इन्शाल्ला."

"मग मार."

अरुणने मारला. चेंडू गोलावरून गेला, तारेच्या कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या ट्रेलरखाली जाऊन बसला. तो काढायला अरुण निघाला.

दुबईशेजारच्या अजमानमधल्या या वाळूच्या मैदानावर मराठी मंडळाची टीम दर शनिवारी सकाळी जमते. खेळ तसा बरा आहे. पण पेनल्टी मारायची वेळ आली की अकराच्या अकरा जण नाडी बांधायला खाली वाकतात. तीन सामने त्यांनी असेच घालवले होते आणि जानेवारीतली स्पर्धा दीड महिन्यावर आली होती.

पूर्वी असं नव्हतं. पेनल्टी नेमकी मारणारे तीन जण होऊन गेले. एक मस्कतला गेला, एक कॅनडाला, आणि तिसऱ्याला कंपनीने एका गुरुवारी कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं, तो सांगलीला परतला. जाणारा शेवटच्या शनिवारी सगळ्यांना पराठा आणि कडक चहा पाजतो आणि आपले बूट गुणवंतच्या गाडीच्या डिकीत ठेवतो. सामानात जागा नाही, असं पहिला म्हणाला होता. पुढच्यांनी कारणही सांगितलं नाही. बायकोने, शोभनाने, दोनदा सुनावल्यावरही गुणवंतने ते बूट हलवले नाहीत, तेव्हापासून ती वाणसामान मागच्या सीटवर ठेवते. आणि गुणवंत आता पाय बघण्याआधी व्हिसा विचारतो.

"माझ्या बिल्डिंगमधला आहे, गुणवंतभाऊ," बचावफळीतला जहूर एका उंच तरुणाला पुढे करत म्हणाला. "वेदांग. बघा तर खरं."

दुसरा चेंडू आला. वेदांगने पाच मारले. पाचही आत. गुणवंत पाचही वेळा चुकीच्या बाजूला पडला, आणि पाचव्यांदा वाळू थुंकत उठला तो हसतच. एवढं मोकळं तो वर्षभरात हसला नव्हता.

"मूळचा कुठला रे तू?"

"इथलाच, अंकल. आय वॉज बॉर्न हिअर. अजमान."

गुणवंतने पुढे काही विचारलं नाही. इथेच जन्मलेला! जवळच्या हमरिया बंदरातल्या गोदामात नोकरीला लागल्यापासून सत्तावीस वर्षं तो स्वतः 'अजून दोनच वर्षं' म्हणत आला होता. या मैदानावरचा प्रत्येक जण तेच म्हणतो. हा मात्र इथलाच. त्याने पिशवीतून दहा नंबरची जर्सी काढून वेदांगच्या अंगावर टाकली.

"जानेवारी आपली. पुढचीसुद्धा. दहा वर्षं चिंता खलास!"

बाकीचे टाळ्या वाजवत चेंडू घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळाले. जहूर तिथेच राहिला.

"भाऊ, ह्याला विचारलंत का?"

"ह्याला काय विचारायचं? इथला आहे तो."

वेदांगने जर्सीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "अंकल, ट्वेल्थ डिसेंबरला मी ट्वेंटी-फाइव्ह होतो. देन पप्पांच्या व्हिसावर राहता येत नाही. जॉब मिळाला असता तर... चार इंटरव्ह्यू दिले. एव्हरीवन सेज इन्शाल्ला." तो थोडा हसला. "अकरा तारखेचं तिकीट आहे. पुण्याचं."

"पुण्यात कोण आहे?"

"आत्या. समरला जायचो आम्ही. टू वीक्स."

गुणवंत गोलाच्या खांबाला टेकला. त्याला वाईट वाटलं, आणि ते टीमसाठी नव्हतं. त्याला स्वतःला निदान झुरायला एक गाव होतं. कधी ना कधी तिथे परतायचं, एवढ्या आशेवर त्याने इथली सगळी वर्षं काढली. हा पोरगा परत जातोय असं सगळे म्हणणार, तिकडे त्याला आपला म्हणणार, आणि तो तिथे बसून या कुंपणाची, या ट्रेलरची आठवण काढणार.

वेदांगने जर्सी पुढे केली. गुणवंतने घेतली नाही.

"ठेव तुझ्याकडे."

"अंकल, डिकीचं जहूर अंकलनी सांगितलं मला." वेदांग खाली बसला, नाड्या सोडू लागला. "बट दॅट्स फॉर प्लेअर्स, ना? मी तर एकही मॅच खेळलो नाही." दोन्ही बूट त्याने हातात घेतले. "ठेवू का?"

गुणवंत गाडीपाशी गेला आणि त्याने डिकी उघडली. तिन्ही जोड्या एका बाजूला सरकवून हातानेच वाळू झटकली. वेदांगने बूट नीट जोडून ठेवले.

"परत आलो की घेईन."

आधीचे तिघेही हेच म्हणाले होते. जहूरने मान दुसरीकडे वळवली.

वेदांग अनवाणी पेनल्टीच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता, तिथून आरडाओरडा ऐकू येत होता. त्याने गोलाकडे बघितलं. गुणवंतने ग्लोव्हज चढवले आणि जाऊन दोन खांबांच्या मधोमध उभा राहिला.

"यल्ला," तो म्हणाला. "मार."

वेदांग चार पावलं मागे गेला, धावत आला आणि त्याने रिकाम्या वाळूला लाथ मारली. गुणवंतने अख्खं अंग झोकून दिलं.

पुन्हा चुकीच्या बाजूला.