अर्ध्या किमतीचे ब्रेक

अर्ध्या किमतीतले ब्रेकपॅड बघताच बुरुलच्या मनात पाल चुकचुकली. खोक्यावर एकीकडे एका कंपनीचं नाव, दुसरीकडे भलत्याच. माल धाकट्या दिराच्या, तालायच्याच दुकानातला. तोच अंगणात गाडीला जॅक लावून पॅड बसवत होता. “वहिनी, खोकं काय निरखतेस? घरच्या माणसावर संशय?” तो हसला. नवऱ्यामागे ती टॅक्सीवर घर चालवत होती. ओश शहराच्या वाटेवरचे घाटाचे उतार तिच्या पायाखालचे होते. दुसरं चाक आवळून होताच तिने गाडी सुरू केली, शेजारचं दार उघडलं. “बसा भावजी, घाट उतरून तंदूरमधले गरम, खिम्याचे समसे खाऊन येऊ.” हात पुसता पुसता तालाय थांबला. “मला... दुकान उघडायचंय.” “सोमवारी बाजार बंद असतो.” तो उघड्या दाराकडे बघत राहिला, बसला नाही. बुरुलने इंजिन बंद केलं. “चाकं परत काढा.” ‘का’ म्हणून तालायने विचारलंही नाही.